उडी मारायची की चालत जायचं?

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ २०११ मध्ये आला तेव्हा आपल्यातले बहुतेक जण प्राथमिक शाळेत होते. तरीही पाण्याला घाबरणारा हृतिक, त्याला धीर देणारी कतरिना आणि ती बोट हे सगळं डोक्यात पक्कं बसलंय. परीक्षा संपायला आली, ट्रिपचा विषय निघाला की ग्रुपवर कोणीतरी त्या सीनचा स्क्रीनशॉट टाकतंच. त्यामुळे स्कूबा म्हणजे बोट, बोट म्हणजे पाठमोरी मारलेली ती उडी आणि उडी म्हणजे रील, असं एक समीकरणच झालंय.

पण स्कूबासाठी बोट लागतेच असं नाही. जगात रोज कितीतरी लोक पाठीवर सिलिंडर बांधून, हातात फिन्स घेऊन, वाळूवरून सरळ चालत समुद्रात शिरतात आणि तासाभराने तसेच चालत बाहेर येतात. याला शोअर डायव्हिंग म्हणतात. बोटीतून जाऊन उतरलात तर ते बोट डायव्हिंग. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत ज्यांनी ‘स्कूबा केलंय’ असे शंभर जण गोळा केले, तर त्यातल्या बहुतेकांनी फक्त दुसरा प्रकार केलेला असेल. पहिला प्रकार असतो हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

खाली गेल्यावर दोन्हींत फार फरक नसतो. तोच श्वासाचा घरघराट, तेच कानात दडे बसणं, तेच ‘ओके’चे हातवारे. फरक असतो तो पाण्यात शिरतानाच्या आणि पाण्यातून बाहेर येतानाच्या वेळेत. आत कुठून जायचं, केव्हा जायचं, परत कुठे यायचं हे सगळं कोण ठरवतं? बोटीत तांडेल आणि गाइड ठरवतात. किनाऱ्यावरून जाताना ते तुम्हाला आणि तुमच्या जोडीदाराला ठरवावं लागतं. सेकंड इयरला तारकर्लीला बोटीतून आणि गेल्या वर्षी साठवलेल्या पैशांतून हॅवलॉकला किनाऱ्यावरून, असं दोन्ही करून झाल्यावर मला तरी हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो.

मालवणात बोटच का?

आधी आपल्या घरच्या समुद्राचं बघू. मालवणात जाऊन ‘मला किनाऱ्यावरून डाइव्ह करायचीय’ असं म्हणालात तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. तिथे सगळं बोटीतूनच चालतं आणि त्याला कारण आहे. या भागात समुद्राचा तळ अगदी हळूहळू उतरत जातो. वाळूवरून आत चालत निघालात तर बराच वेळ पाणी कमरेच्या आसपासच राहतं. लाटा फुटतात तिथलं पाणी सतत ढवळलेलं, वाळू उडालेली. त्यात खाड्या. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती गाळ घेऊनच येते. एवढं सगळं पार करून आत गेलात तरी खाली काय, तर वाळू.

मासे आणि प्रवाळ राहतात खडकांना धरून. असे खडक आहेत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. १६६४ मध्ये महाराजांनी ज्या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्याच बेटाभोवतीचे खडक आज इथल्या स्कूबावाल्यांचं भांडवल आहेत. १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्यही याच पाण्यात आहे, साधारण २९ चौरस किलोमीटरचं. किल्ला किनाऱ्यापासून लांब नाही, नजरेच्या टप्प्यात आहे. पण मधलं पाणी पाठीवर सिलिंडर घेऊन पोहत जाण्याचं नाही. म्हणून होडी.

तिथे पर्यटकांना मिळते ती ‘ट्राय डाइव्ह’. होडी खडकांजवळ नेतात, नांगर टाकतात, तुमच्या तोंडात रेग्युलेटर देतात, नाकाऐवजी तोंडाने श्वास घ्यायची थोडी सवय करतात आणि मग गाइड तुमचा सिलिंडर मागून धरून तुम्हाला खाली नेतो. जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं तोच करतो. दिशा तोच ठरवतो. व्हिडिओही तोच काढतो. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा, कान मोकळे करायचे आणि बघायचं. पोहता येत नसलं तरी चालतं ते यामुळेच. खोलीही जेमतेम असते. ट्राय डाइव्हसाठी मोठ्या संस्थांची जास्तीत जास्त मर्यादाच १२ मीटरची आहे आणि मालवणात बहुतेक वेळा त्याच्या बरंच वर काम भागतं.

मी याला अजिबात नावं ठेवत नाही. पहिल्यांदा डोळ्यांसमोरून माशांचा थवा जातो तेव्हा जे वाटतं ते वाटतंच. पण ट्राय डाइव्हमध्ये आपण पाहुणे असतो, डायव्हर नसतो. घरी येऊन इन्स्टाच्या बायोमध्ये ‘स्कूबा डायव्हर’ लिहिणाऱ्यांनी निदान एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही. पाहुण्याला यजमानावर सगळा विश्वास टाकावा लागतो, म्हणून यजमान नीट निवडणं आलं. त्याबद्दल पुढे.

गोव्यातही हेच चित्र. तिथे ग्रँड आयलंडला जायचं तर बोट. कर्नाटकात नेत्राणीला जायचं तर मुरुडेश्वरहून बोट, तीही चांगली तास-दीड तासाची. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वाढलेल्या मुलामुलींना स्कूबा म्हणजे बोट असं वाटलं तर त्यात सगळा दोष हृतिकचा नाही.

पंचवीस किलो घेऊन वाळूवर

अंदमानात गोष्ट बदलते. हॅवलॉकला, म्हणजे २०१८ मध्ये नाव बदललेल्या स्वराज द्वीपला, बीच नंबर २ जवळ निमो रीफ नावाची जागा आहे. सेंटरवरून निघायचं, वाळूवर यायचं आणि चालत पाण्यात. पाणी उथळ, लाटा जवळजवळ नाहीत, आणि थोडं पोहून गेलं की खाली प्रवाळ आणि त्यात लपाछपी खेळणारे क्लाउनफिश. नवशिक्यांना शिकवायला ही जागा इतकी सोयीची आहे की तिथल्या कोर्सेसचे सुरुवातीचे धडे बऱ्याचदा इथेच होतात.

ऐकायला हे फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात आधी वजनाशी गाठ पडते. भरलेला अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर साधारण १६ किलोचा. त्यावर जॅकेट, रेग्युलेटर आणि पाण्यात खाली जाता यावं म्हणून कमरेला शिशाची वजनं. सगळं मिळून २५ किलोच्या आसपास जातं. म्हणजे किराणा दुकानातली तांदळाची मोठी गोणी पाठीला बांधून, दुपारच्या उन्हात, पाय रुतणाऱ्या वाळूवरून चालायचं. बोटीत हेच सामान तुमच्या मागे कठड्याला टेकवून ठेवलेलं असतं, तुम्ही बसल्या जागी पट्टे आवळता आणि मागे झोकून देता. पाण्यात गेल्यावर दोन्हीकडे वजन नाहीसं होतं, पण किनाऱ्यावरून जाणाऱ्याने तोपर्यंत निम्मा घाम गाळलेला असतो. दमलेला माणूस भरभर श्वास घेतो आणि भरभर श्वास घेतला की सिलिंडर लवकर संपतो. त्यामुळे पाण्यात शिरल्यावर दोन मिनिटं नुसतं तरंगून श्वास शांत करायचा, मगच खाली जायचं, हा शोअर डायव्हिंगचा पहिला धडा.

दुसरा धडा भरती-ओहोटीचा. हॅवलॉकच्या त्या बाजूला ओहोटीला पाणी खूप मागे जातं. ज्या जागी सकाळी पोहत होतात तिथे दुपारी खडक उघडे पडलेले दिसतात. त्या वेळी सिलिंडर घेऊन पाण्यापर्यंत जायचं म्हणजे टोकदार प्रवाळावरून लांबवर तंगडतोड, आणि त्यात प्रवाळाची नासाडी होते ती वेगळीच. म्हणून तिथे डाइव्हची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते. कोर्सच्या पहिल्या दिवशी आमच्या इन्स्ट्रक्टरने मास्क, फिन्स काहीही हातात देण्याआधी आज ओहोटी कितीला आहे हे विचारलं होतं. बोटीतल्या ट्राय डाइव्हला हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विचारायची गरजच नव्हती, कारण ते तांडेलाला माहीत होतं.

तिसरा धडा दिशेचा, आणि मला हा सगळ्यात जास्त आवडला. बोट तुमच्या बुडबुड्यांच्या मागे येऊ शकते. किनारा येत नाही. तुम्ही निघालात तिथेच परत यायचं असतं, नाहीतर भलत्याच ठिकाणी खडकांत बाहेर पडाल. त्यासाठी मनगटावर होकायंत्र. किनाऱ्यावर उभं राहून समुद्राच्या दिशेचा आकडा बघायचा, समजा ७० अंश. त्या रेषेने आत जायचं. परतताना त्यात १८० मिळवायचे, २५० अंशांवर काटा आणायचा आणि यायचं. बारावीनंतर गणिताशी संबंध तोडलेल्या माझ्यासारखीला पाण्याखाली ही बेरीज करताना जो आनंद झाला तो बोर्डाच्या पेपरात कधी झाला नव्हता. हवेचाही हिशेब तसाच. जाण्यात किती संपली हे बघून येण्यासाठी तेवढी आणि वर थोडी राखीव ठेवायची. दहा मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे तिथे हवाही दुप्पट वेगाने संपते. हे पुस्तकात वाचलं की कळतं, गेजचा काटा खाली येताना बघितला की पटतं.

हॅवलॉकच्या शांत पाण्यात जे शिकायला मिळत नाही ते म्हणजे लाटा. जिथे किनाऱ्यावर लाटा फुटतात तिथे आधी काही मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. मोठ्या लाटा एकामागून एक येतात, मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत आत शिरायचं. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, जॅकेटमध्ये थोडी हवा, आणि जोडीदाराच्या जवळ. फिन्स घातल्या असतील तर लाटेकडे पाठ किंवा बाजू करून उलटं चालायचं, कारण फिन्स घालून सरळ चालणं म्हणजे तोंडावर आपटायची तयारी. लाट फुटते त्या पट्ट्यात थांबून पट्टे-बिट्टे नीट करायचे नाहीत, तिथून लवकर पुढे निघायचं. बाहेर येताना तर आणखी जपून. कॅलिफोर्नियात कार्मेलजवळ मोनॅस्टरी बीच आहे. तिथला किनारा एकदम उतरता आणि वाळू भरड. डायव्हर तिथे उभं राहून रुबाबात बाहेर येत नाहीत, हातापायांवर रांगत येतात. त्याला ‘मोनॅस्टरी क्रॉल’ असं नावच पडलंय. रेग्युलेटर मात्र शेवटपर्यंत तोंडात, कारण लाटेने खाली पाडलं तरी श्वास चालू राहिला पाहिजे.

डोक्यावर सिलिंडर घेणाऱ्या बायका

शोअर डायव्हिंगची जगातली सगळ्यात भारी जागा कोणती, असं विचारलं तर मी बालीतल्या तुलांबेनचं नाव घेईन. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने ‘लिबर्टी’ या अमेरिकन मालवाहू जहाजाला टॉर्पिडो मारला. जहाज बुडेना, म्हणून ओढत न्यायचा प्रयत्न झाला, पण आत पाणी भरत गेलं आणि शेवटी ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून सोडून दिलं. वीसेक वर्षं ते तिथेच गंजत पडलं. मग १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांत जहाज घसरून पाण्यात गेलं. फार लांब नाही, किनाऱ्याच्या अगदी शेजारी. आज त्याचा वरचा भाग जेमतेम पाचेक मीटरवर आहे आणि खालचा तीसेक मीटरवर. सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीचं जहाज, त्यावर उगवलेले प्रवाळ, आणि तिथे जायला बोटीची गरज नाही. चालत जा.

फक्त तो किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. बुटांखाली घरंगळणाऱ्या काळ्या गोल गोट्यांवरून सिलिंडर घेऊन चालणं म्हणजे घोटा मुरगळून घेण्याची हमी. म्हणून तिथे गावातल्या बायका सिलिंडर वाहून नेतात. डोक्यावर. काही जणी एका वेळी दोन-दोन सिलिंडर घेऊन सराईतपणे गोट्यांवरून जाताना दिसतात आणि मागून परदेशी डायव्हर रिकाम्या हातांनी धडपडत येतात. बोट लागत नाही म्हणून शोअर डायव्हिंग स्वस्त पडतं, असं सगळीकडे म्हटलं जातं आणि ते खरंही आहे. डिझेल नाही, खलाशी नाहीत, जेटीचं भाडं नाही. पण ओझं काही आपोआप नाहीसं होत नाही. तुलांबेनला ते कोणाच्या तरी डोक्यावर असतं. आपल्याकडे डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांच्या फोटोंची सवय असलेल्यांना तो फोटो बघून काय वाटेल ते वाटो. मला तरी पॅकेजच्या किमतीत त्या बाईला किती मिळतात हा प्रश्न आधी पडला.

याच्या उलट टोकाला कॅरिबियनमधलं बोनेर हे छोटं डच बेट. तिथे रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात आणि त्यावर डाइव्हच्या जागेचं नाव लिहिलेलं असतं. पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा, मागे सिलिंडर टाकायचे, दगड दिसला की थांबायचं आणि पाण्यात शिरायचं. आपण जसे घाटात गाडी थांबवून वडापाव खातो तितक्या सहज. अर्थात त्याआधी तुमच्याकडे सर्टिफिकेट आणि एक शहाणा जोडीदार असावा लागतो.

परत येणाऱ्यांची मोजणी

आता बोटीची बाजू. ती दुबळी नाही, उलट काही बाबतींत बोटीला पर्यायच नाही. हॅवलॉकच्याच डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज या जागा किनाऱ्यापासून बऱ्याच लांब आणि खोल आहेत. मोकळ्या समुद्रात पाणी जास्त स्वच्छ, मासे मोठे, थवे दाट. तिथे पोहत जायचा विचारही करू नये. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून जास्त लांब, कान्होजी आंग्र्यांचं नाव लावणारं आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळ पठार आहे. त्याचा सगळ्यात उथळ भागही पाण्याखाली २० मीटरच्या आसपास. महाराष्ट्राच्या समोर एवढं मोठं प्रवाळ आहे आणि ते बघायचं तर बोटीवर मुक्काम करण्याशिवाय दुसरी वाट नाही.

बोटीत दमछाक कमी होते, ते तर आहेच. नांगराची किंवा बोयाची दोरी धरून सावकाश खाली जाता येतं आणि कान दुखले की त्याच दोरीला धरून थांबता येतं. नवशिक्याला ही दोरी म्हणजे मोठा आधार. पाण्याला ओढ असेल तर ‘ड्रिफ्ट’ करता येते, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जायचं आणि बोट मागून येते. वर येताना पट्ट्यासारखा लांब नारिंगी फुगा सोडायचा म्हणजे तांडेलाला आपण कुठे आहोत ते दिसतं. बोट लागणारे मात्र यात मार खातात. खालचं जग कितीही सुंदर असलं तरी वर डोलणाऱ्या होडीत डिझेलच्या वासात अर्धा तास बसावं लागतंच.

आणि एक गोष्ट मुलींनी आधी विचारून घ्यावी अशी. छोट्या फायबरच्या बोटींवर टॉयलेट नसतं. मग अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे फार वाईट, कारण शरीरात पाणी कमी असणं डायव्हिंगमध्ये नायट्रोजनच्या त्रासाचा धोका वाढवतं असं प्रत्येक कोर्समध्ये सांगतात. बोटीवर किती वेळ आहोत आणि वाटेत सोय काय, हे विचारण्यात लाजण्यासारखं काहीही नाही. किनाऱ्यावरून डाइव्ह असेल तर सेंटर दोन पावलांवर असतं, हा त्याचा न बोलला जाणारा फायदा.

मात्र बोटीवर भरवसा टाकताना आपण नेमका कशावर टाकतोय? २५ जानेवारी १९९८ ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं इतर डायव्हर्सबरोबर बोटीने गेलं. डाइव्ह संपली, मोजणी झाली, ती चुकली, बोट निघून गेली. दोघं समुद्रात आहेत हे दोन दिवसांनी लक्षात आलं, तेही बोटीवर त्यांच्या पिशव्या सापडल्या म्हणून. ते दोघं पुन्हा कधीच सापडले नाहीत. २००३ चा ‘ओपन वॉटर’ हा सिनेमा याच घटनेवर बेतलेला आहे. पाण्याखाली त्यांच्याकडून काही चूक झाल्याचं कोणी म्हणत नाही. वर कोणीतरी डोकी नीट मोजली नाहीत.

आपल्याकडे मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. तीही पाण्याखालची दुर्घटना नव्हती, परतीच्या वाटेवरची होती. स्कूबाची भीती वाटते म्हणणारे शार्कचं नाव घेतात, सिलिंडर संपण्याचं नाव घेतात. बोटीत बसताना लाइफ जॅकेट मिळालं का, किती जण बसलेत, हे बघायचं मात्र राहून जातं. डाइव्ह झाल्यावर तर नाहीच. दमलेलो असतो, व्हिडिओ बघत असतो आणि जॅकेट पायाशी पडलेलं असतं.

मग किनारा सुरक्षित म्हणायचा? तसंही नाही. इजिप्तमध्ये दहाबला ब्लू होल आहे, लाल समुद्राच्या काठाला लागून असलेली, साधारण शंभर मीटर खोल विहीरच म्हणा ना. चार पावलं चाललं की तुम्ही तिच्या तोंडाशी. सुमारे ५५ मीटरवर एक कमान आहे जिच्यातून मोकळ्या समुद्रात निघता येतं. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर. तरी ती कमान अनेकांना खुणावत राहिली आणि काठावरच्या कातळावर तिथे गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या लागल्या आहेत. बोट असती तर कदाचित कोणी अडवलं असतं. किनाऱ्यावर अडवणारं कोणी नसतं, आणि जागा इतकी सहज हाताशी आहे की तिची खोली कळत नाही.

पैसे कुठे घालायचे?

हा खरा प्रश्न, कारण आपल्याकडे पैसे मोजकेच. माझं मत विचाराल तर असं. फक्त एकदा बघायचंय, पुढे काही करायचं नाही, तर मालवणच्या बोटीतली ट्राय डाइव्ह उत्तम. त्यासाठी अंदमानचं विमान पकडायची गरज नाही. पण खरंच शिकायचं असेल तर ओपन वॉटर कोर्सचे पैसे साठवा आणि त्यातल्या निदान पहिल्या डाइव्ह किनाऱ्यावरून होतील अशी जागा शोधा. या कोर्समध्ये समुद्रात चार डाइव्ह होतात आणि तो झाला की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतं. सामान स्वतः उचललं, भरती स्वतः बघितली, परतीची दिशा स्वतः शोधली की नंतर बोटीवर गेल्यावरही तुम्ही नुसतं बसून राहत नाही. प्रवाह कुठे जातोय हे बघता. तांडेलाला दोन प्रश्न विचारता. माझ्या बॅचमध्ये आधी बोटीतून तीन ट्राय डाइव्ह केलेला एक जण होता. मासे त्याला आमच्यापेक्षा जास्त ओळखता यायचे, पण स्वतःच्या जॅकेटमधली हवा सोडायचं बटण कुठलं हे त्याने कोर्सच्या पहिल्याच दिवशी पाहिलं.

बुकिंग करताना बहुतेक जण फक्त दोन गोष्टी विचारतात, किती पैसे आणि व्हिडिओ मिळेल का. त्याऐवजी विचारायचं हे, की एका गाइडबरोबर किती जण असतील, पाण्यात उतरल्यावर बोटीवर कोणी थांबतं की सगळेच खाली जातात, ऑक्सिजनचा किट बोटीवर आहे का, आणि परत निघताना मोजणी कशी करतात. डोकी मोजणं आणि नावं घेणं यात फरक आहे. नाव घेऊन ‘आहे’ ऐकल्याशिवाय नांगर उचलत नाही, असं सांगणारा माणूस मिळाला तर दोनशे रुपये जास्त द्यावेत. किनाऱ्यावरून असेल तर बाहेर यायची जागा कुठली, तिथे जाता आलं नाही तर दुसरी कुठली, आणि काठावर आपल्याकडे लक्ष ठेवून कोण बसणार आहे, हे विचारा. दम्याचा त्रास असेल, सर्दी झाली असेल तर फॉर्मवर खरं लिहा. फॉर्मवर ‘नाही’ अशी टिक करून कानाचा पडदा काही ऐकणार नाही.

कोकणात जाणार असाल तर पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. बोटी ओढून वर घेतलेल्या असतात आणि पाण्यात काही दिसतही नाही. हिवाळ्यात पाणी निवळतं तेव्हा जा आणि शक्यतो सकाळी, वारा उठायच्या आधी. अंदमानला जाणार असाल तर परतीचं विमान डाइव्हच्या दिवशी ठेवू नका. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यायला सांगतात. म्हणजे शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी दुपारपर्यंत उरकायची, फेरीने पोर्ट ब्लेअरला यायचं आणि विमान दुसऱ्या दिवशीचं घ्यायचं. उरलेल्या वेळात सेल्युलर जेल नीट बघून होतं. तिकीट काढतानाच हे ठरवा, नंतर तारीख बदलायला जाल तर एका डाइव्हचे पैसे त्यातच जातील.